तीन रंग, तीन दुखणी

मशीन म्हणजे इंकजेट प्रिंटर, सहा रंगांचं: काळा, सायन, मजेंटा, पिवळा, फिकट सायन, फिकट मजेंटा. शाई डाय प्रकारची (रंग पाण्यात विरघळलेला), टाक्या बाजूला, तिथून बारीक नळ्यांनी कागदावर शाई उडवणाऱ्या हेडपर्यंत. हेड पिएझो, म्हणजे विजेने हलणाऱ्या स्फटिकाने शाई ढकलणारं, मशीनमध्येच कायमचं बसवलेलं. प्रत्येक रंगाला 90 नॉझल, म्हणजे शाई बाहेर पडायची बारीक छिद्रं. चार महिने बंद. सुरू करण्याआधी झाकण उघडून पाहिलं तर हेड कॅपवर (बंद असताना हेड वाळू नये म्हणून ते जिच्यावर टेकतं ती रबरी कडेची वाटी) नव्हतं, दोन बोटं अलीकडेच उभं होतं. म्हणजे शेवटचं बंद केलं ते भिंतीवरच्या बटणाने. मशीनच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं की ते आधी हेड नेऊन कॅपवर टेकवतं आणि मगच झोपतं. वीज मध्येच तोडली तर हेड उघडं राहतं, आणि उघड्या हेडला चार महिने म्हणजे फार झाले.

नॉझलचं तोंड साधारण 20 मायक्रॉनचं असतं, केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाचं. तिथे शाईचा पृष्ठभाग उघड्या हवेला लागलेला असतो. पाणी उडून जातं, मागे रंग आणि ग्लायकोल उरतात, त्यांचा मधासारखा चिकट बूच बनतो. डाय शाईचा बूच पाण्यात पुन्हा विरघळतो, हे त्यातल्या त्यात बरं. पिगमेंट शाईत रंगाच्या कणांभोवती रेझिन असतं. ते वाळलं की पापुद्रा धरतं आणि नुसत्या पाण्याला दाद देत नाही.

पहिला नॉझल चेक काढला: प्रत्येक नॉझलची एक रेघ असलेलं चाचणीचं पान. काळ्याच्या जागी कोरा कागद. फिकट मजेंटाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या नक्षीतून 11 रेघा गायब. सायनमध्ये 14 गायब. बाकी तीन रंग ठीक.

इथे बहुतेकांचा हात थेट हेड क्लिनिंगकडे जातो. तो आवरायचा, आणि क्लिनिंग न करता लगेच दुसरा नॉझल चेक काढायचा. कागद एक जातो, पण निम्मं निदान होतं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडापुढे धरले. फिकट मजेंटाच्या त्याच 11 रेघा दोन्ही कागदांवर गायब होत्या. सायनच्या मात्र जागा बदलल्या होत्या: पहिल्या कागदावर गेलेल्यांपैकी काही परत आल्या, आणि आधी धडधाकट असलेल्या काही गेल्या. जागा न बदलणारी पोकळी म्हणजे वाळलेली शाई. जागा बदलणारी पोकळी म्हणजे हवा किंवा अपुरा पुरवठा. आणि अख्खा रंगच नसेल तर 90 च्या 90 नॉझल एकाच वेळी बुजण्यापेक्षा शाई तिथवर पोचतच नसण्याची शक्यता कितीतरी जास्त. एकाच हेडमध्ये तीन रंगांची तीन वेगळी दुखणी होती, आणि तिन्हींवर हेड क्लिनिंगचं एकच औषध चालणार नव्हतं.

पिवळ्याबद्दल एक. पांढऱ्या कागदावर पिवळ्या रेघा डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत, त्यामुळे पिवळा नेहमी ‘ठीक’च वाटतो. निळ्या एलईडीच्या उजेडात तोच कागद धरला की पिवळ्या रेघा काळपट होऊन उठून दिसतात. मोबाईलच्या पडद्यावर गडद निळा रंग पूर्ण उजेडात लावून अंधाऱ्या खोलीत धरला तरी भागतं. तसं पाहिल्यावर पिवळ्यातही एक रेघ गायब निघाली.

मग एकदा, एकदाच, हेड क्लिनिंग चालवलं. फरक शून्य. सायनच्या रेघा पुन्हा जागा बदलून बसल्या, बाकी जैसे थे. एका क्लिनिंगने सगळं सुटावं अशी अपेक्षा नसतेच, पण एका क्लिनिंगने काहीच हलू नये याचा अर्थ वेगळा असतो. क्लिनिंगमध्ये हेड रबरी ओठाच्या कॅपवर टेकतं, खालचा पंप नळीतून हवा ओढतो आणि त्या ओढीने नॉझलमधून शाई खाली येते. मग वायपरची रबरी पट्टी हेडचा तळ पुसते. कॅपचा ओठ नीट टेकला नाही किंवा नळी तुंबली, तर पंप नुसता घरघरतो. मशीनला हे कळत नाही. ते क्लिनिंग झालं म्हणून सांगतं.

याची परीक्षा सोपी आहे. हेडची गाडी कॅपवरून हलली की प्लग काढायचा, म्हणजे गाडी हाताने सरकते. ड्रॉपरने कॅपमधल्या स्पंजवर काठोकाठ डिस्टिल्ड वॉटर सोडायचं (दीड मिलिलिटरच्या आसपास मावतं), गाडी परत कॅपवर न्यायची, मशीन सुरू करून एक क्लिनिंग चालवायचं, आणि गाडी पुन्हा हलवून आत पाहायचं. स्पंज नुसता ओलसर हवा. इथे निम्मं पाणी तसंच होतं, वर काळसर साय धरलेली.

कॅपचा ओठ नखाने चाचपला तर एका कोपऱ्यात वाळलेल्या शाईची खपली लागली. दिसायला तिळाएवढीही नाही, पण रबर तिथे हेडच्या तळापासून उचललं जाणार. ओली कापसाची काडी कोपऱ्यावर दोन मिनिटं दाबून धरली, मग गोल फिरवली, खपली सुटून आली. नखाने किंवा टोकदार वस्तूने खरवडायचं नाही. ओठाला चीर गेली की कॅपच बदलावी लागते. वायपरच्या पट्टीवर शाईत लडबडलेला केसाएवढा तंतू होता. असा तंतू दर पुसण्याबरोबर हेडच्या तळावर फिरतो आणि चांगल्या नॉझलवर दुसऱ्या रंगाची शाई माखतो, म्हणून तोही काढला.

राहिली नळी. कॅपच्या खालून निघून पंपाकडे जाणारी नळी सोडवली, तिला 20 मिलिलिटरची बिनसुईची सिरिंज लावली. कॅपमध्ये कोमट द्रावण भरून 20 मिनिटं थांबलो, मग दट्ट्या अगदी सावकाश मागे ओढला. आधी काहीच आलं नाही. दट्ट्या सोडला की मागे जायचा. तिसऱ्या ओढीला काळा, जेलीसारखा लोळ आला आणि मागोमाग पातळ शाई. नळी परत जोडली, पाण्याची परीक्षा पुन्हा घेतली. स्पंज नुसता ओलसर.

द्रावण कशाचं, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. इथे वापरलं ते असं: 100 मिलिलिटरसाठी 85 डिस्टिल्ड वॉटर, 10 प्रॉपिलीन ग्लायकोल, 5 साबण नसलेलं घरगुती अमोनिया. ग्लायकोलमुळे द्रावण लवकर वाळत नाही आणि चिकट बुचात शिरतं. अमोनियामुळे ते अल्कधर्मी होतं आणि वाळलेली शाई सैल पडते. डाय शाईला बहुतेक वेळा नुसतं कोमट डिस्टिल्ड वॉटरही पुरतं, पिगमेंटला अमोनिया लागतंच. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार नॉझलमध्ये वाळतात आणि मग ते सहज निघत नाहीत. आयसोप्रोपिल अल्कोहोल विजेचे संपर्कबिंदू पुसायला उत्तम, पण काही पिगमेंट शाया त्याने फाटतात, दूध फाटावं तशा, आणि सुटायच्या ऐवजी गुठळ्या धरतात. हेडच्या आत ते न घातलेलं बरं. खिडक्या उघड्या ठेवून काम करायचं, आणि अमोनियाच्या आसपास ब्लीच येऊ द्यायचं नाही. दोन्ही मिसळले की विषारी वायू तयार होतो.

कॅप ओढू लागल्यावर पुन्हा एक क्लिनिंग. सायनमध्ये आता 3 गायब, फिकट मजेंटात 8, पिवळ्यातली रेघ परतली. काळा अजून कोरा.

इथे थांबायचं. लागोपाठ दोन, फार तर तीन क्लिनिंग, त्यापुढे नाही. दर क्लिनिंगला शाई जाते, ती मशीनच्या तळातल्या वेस्ट पॅडमध्ये साठते, आणि पॅडचा हिशेब ठेवणारा काउंटर भरला की मशीन चालायचंच नाकारतं. शिवाय पुरवठा अडलेल्या रंगावर वारंवार ओढ लावली की वरच्या बाजूने हवा शिरते आणि एका दुखण्याची दोन होतात. वाळलेल्या बुचाला ओढ लागत नाही, वेळ लागतो.

रात्रीसाठी भिजवण: कॅपमध्ये कोमट द्रावण काठाला फुगीर दिसेल इतकं, सांडेल इतकं नाही. गाडी हाताने सावकाश कॅपवर. प्लग काढलेला. दहा तास. ज्या मशीनमध्ये कॅपपर्यंत हात पोचत नाही, तिथे तंतू न सोडणारं कापड चौपदरी घडी घालून, द्रावणात भिजवून गाडीच्या वाटेवर ठेवतात आणि हेड त्यावर आणून उभं करतात. तेही चालतं, फक्त घडी इतकी जाड नको की हेड घासत जाईल.

सकाळी गाडी सरकवून स्पंज पाहिला. द्रावण जांभळट झालं होतं. टिशूचं टोक बुडवलं तेव्हा रंग पसरत वेगळे झाले: निळा, गुलाबी, कडेला पिवळा. काळा नाही. चार महिने सुकलेल्या हेडखाली दहा तास द्रावण ठेवून काळ्याचा डागही उतरत नसेल, तर त्या वाटेत वाळलेली शाईच फारशी नाही, नुसती पोकळी आहे. म्हणजे काळ्याचा दोष हेडच्या वर.

नॉझल चेक: सायन पूर्ण. फिकट मजेंटात 3 गायब, तीच जुनी ठिकाणं. सायन सुटला म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नव्हता. हवेचं दुखणं एका नॉझल चेकमध्ये पकडता येत नाही, कारण त्याला शाई लागते चिमूटभर. पूर्ण पानभर गडद सायनचा ठोकळा छापला. वरचा अर्धा भाग सुरेख, मग बारीक आडव्या चिरा, खालच्या पाव भागात रंग फिका. सुरुवात चांगली आणि शेवट उपाशी, म्हणजे पुरवठा कमी. सायनच्या टाकीची भरण्याची बुचं सैल करून तेच पान पुन्हा छापलं, तर खालपर्यंत एकसंध आलं. दोष टाकीच्या हवेच्या छिद्रात होता. छिद्रावरचा बारीक फिल्टर, बहुधा मशीन तिरकं करून उचलल्यामुळे, शाईने भिजून वाळला होता. टाकीत हवा शिरत नाही, शाई बाहेर पडली की आत पोकळी तयार होते, आणि ती भरायला हवा खालून, नॉझलमधून वर ओढली जाते. पहिल्या दोन कागदांवर सायनच्या पोकळ्या का हिंडत होत्या, त्याचं उत्तर हे. फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवला. हेडला हातही न लावता एक रंग निकालात निघाला.

काळ्यासाठी गाडीवरचं झाकण उघडावं लागलं. नळ्या जिथे हेडला मिळतात तिथे प्रत्येक रंगाचा एक डँपर असतो: काडेपेटीपेक्षा लहान, पारदर्शक डबी, आत लवचीक पडदा आणि तळाशी जाळीचा फिल्टर. गाडीच्या धावपळीत शाईला बसणारे धक्के तो शोषतो आणि कचरा अडवतो. काढण्याआधी नळ्यांना चिमटे लावायचे, नाहीतर टाकीतली शाई सायफनने वाहत राहते आणि ती नेमकी विजेच्या पट्टीवर पडते. काळ्याचा डँपर उजेडात धरला तर निम्मा रिकामा. खालच्या तोंडाला सिरिंज लावून ओढलं तर दट्ट्या जड, शाई येईना. चिमटा सोडून वरची नळी तपासली, तिथून शाई सहज येत होती. मग अडथळा डँपरच्या जाळीतच. कोमट द्रावणात धुऊन असे डँपर कधीकधी सुटतात, पण एकदा तुंबलेली जाळी पुन्हा लवकर तुंबते. त्याच्यासाठी दोनदा गाडी उघडण्यात शहाणपण नाही. नवा बसवला. बसवण्याआधी खालच्या तोंडाने दोन मिलिलिटर शाई ओढून घेतली, बुडबुडा दिसायचा थांबेपर्यंत.

डँपर काढलेलेच होते, तेव्हा फिकट मजेंटाच्या तीन हट्टी नॉझलचंही त्याच बैठकीत पाहिलं. हे काम सगळ्यात जोखमीचं. हेडच्या वर शाईची नळकांडी उघडी दिसतात. फिकट मजेंटाच्या नळकांड्यावर 3 मिलिमीटर आतल्या व्यासाची, 8 सेंटिमीटर लांबीची सिलिकॉन नळी चढवली, तिला सिरिंज. हेडच्या विजेच्या चपट्या पट्टीवर आधी प्लास्टिकची फिल्म आणि टेप. द्रावणाचा एक थेंब त्या जोडात गेला आणि मशीन सुरू केलं तर हेडबरोबर मेनबोर्डही जातो.

बारीक सिरिंज म्हणजे नाजूक काम, असा समज असतो. तो उलटा आहे. अंगठ्याचा जोर तेवढाच असला तरी बारीक दट्ट्याखाली दाब जास्त तयार होतो. दोन मिलिलिटरच्या सिरिंजने हेडच्या आतले पातळ पडदे फुटतात, मग शेजारचे रंग एकमेकांत मिसळू लागतात आणि त्यावर उपाय नाही. म्हणून मोठी सिरिंज घेतली, आणि तीही दट्ट्या काढून, नुसतं नरसाळं म्हणून. त्यात 4 मिलिलिटर द्रावण, तापमान हाताला कोमट, चाळिशीच्या आत. सिरिंज नळी पुरेल तितकी हेडच्या वर उंच धरून टेकवली, हेडखाली टिशूची घडी. बाकी काम वजनाचं.

पहिली दहा मिनिटं गुलाबी पाणी जेमतेम उतरलं. टिशू बदलून हेडच्या तळाला अलगद टेकवला आणि उचलला, तर त्यावर गुलाबी बारीक रेघ उमटली, मध्ये एका ठिकाणी तुटलेली. तासाभरात द्रावण संपलं, पुन्हा 4 मिलिलिटर भरलं. तिसऱ्या भरणीला पाणी जवळजवळ रंगहीन झालं आणि टिशूवरची रेघ सलग आली. शेवटी रिकाम्या सिरिंजने वरून हवा ढकलायचा मोह होतो. तो करायचा नाही, आत सगळी हवाच भरते. नळी काढली, डँपर बसवले, जोड पुसले आणि तीन तास झाकण उघडं ठेवून वाळू दिलं.

ज्या गोष्टी केल्या नाहीत त्यांचीही नोंद हवी. अल्ट्रासॉनिक पात्रात पिएझो हेड घातलं नाही. त्यातल्या कंपनांनी स्फटिकाचे सांधे आणि गोंद सुटू शकतात. उकळतं पाणी नाही, तेही गोंदाच्याच कारणाने. आणि हेडचा तळ टिशूने घासला नाही, फक्त टेकवला. त्या तळावर शाई न चिकटू देणारा पातळ लेप असतो, तो घासून गेला की थेंब तिरके उडतात.

थर्मल हेडची गोष्ट थोडी वेगळी. कॅनन आणि एचपीच्या मशीनमध्ये शाई स्फटिकाने ढकलली जात नाही. सूक्ष्म हीटर क्षणभर तीनशे अंशांच्या आसपास तापतो, वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर फेकतो. तिथे शाईविना छापत राहिलं तर हीटरच जळतो, म्हणून रंग गायब दिसताच छपाई थांबवायची. कॅननच्या बऱ्याच मशीनचं हेड खटका उघडून बाहेर निघतं. ते तळाचे 3-4 मिलिमीटर बुडतील इतक्या कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचं, पाणी रंगहीन राहीपर्यंत बदलत राहायचं, आणि परत बसवण्याआधी पुरते 24 तास वाळवायचं. घाई केली तर संपर्कबिंदूंत ओल राहते आणि बी200 सारखी चूक पडद्यावर येते. ती आली की बहुधा हेड गेलेलं असतं. एचपीच्या ज्या कार्ट्रिजमध्ये हेड अंगचंच असतं, तिथे ओल्या टिशूवर मिनिटभर टेकवून पाहायचं, नाहीतर कार्ट्रिज बदलायचं. त्यावर रात्र घालवू नये.

इकडे डँपर बसवल्यावर दोन क्लिनिंग चालवली, कारण नव्या डँपरमधून हेडपर्यंतची वाट रिकामी होती. पहिल्यानंतर काळा अर्धा आला, दुसऱ्यानंतर 90 पैकी 84. फिकट मजेंटात फक्त 1 गायब, आणि एक रेघ शेजारणीच्या अंगावर झुकलेली. पुढचं क्लिनिंग केलं नाही. मशीन स्वतःच्या बटणाने बंद करून रात्रभर तसंच ठेवलं. उरलेले बारीक बुडबुडे शाईत विरघळायला इतका वेळ लागतोच. सकाळी काळा 90 पैकी 90.

मग धुवून काढायची पानं. गडद रंगांचे ठोकळे छापून फिकट सायन आणि फिकट मजेंटाला व्यायाम होत नाही, हे लक्षात येत नाही पुष्कळांच्या. गडद रंगाला मशीन मुख्य शाई वापरतं. फिकट शाया चालतात त्या आभाळाच्या निळ्याला आणि कातडीच्या रंगाला. म्हणून फिकट गुलाबी आणि फिकट निळ्याची दोन पूर्ण पानं वेगळी छापली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तिरकी रेघ सरळ झाली. तिच्या तोंडाशी चिकटलेली शाई वाहत्या शाईनेच नेली.

राहिली फिकट मजेंटातली एक नॉझल. तिच्यासाठी पुन्हा हेड उघडलं नाही. उत्तम दर्जाच्या छपाईत एकाच पट्टीवरून हेड अनेक फेऱ्या मारतं आणि प्रत्येक फेरीत वेगळी नॉझल त्या जागेवर येते, त्यामुळे 90 मधली एक नसल्याचं फोटोत दिसत नाही. चेहऱ्याचा फोटो छापून भिंगाखाली गालाचा भाग पाहिला, चीर सापडली नाही. मसुदा दर्जात तोच फोटो छापला तेव्हा मात्र कपाळावरून एक बारीक हिरवट रेघ गेली होती, कारण मजेंटा कमी पडला की कातडी हिरवटाकडे झुकते.

त्यानंतर आठवड्यातून एकदा सहाही रंगांचं एक पान, त्यात फिकट गुलाबी आणि फिकट निळ्याची पट्टी धरून. मशीनची जागा पंख्याच्या झोताखालून हलवली. तिसऱ्या आठवड्याच्या नॉझल चेकवर गायब रेघेच्या जागी पुसट, तुटक खूण होती; चौथ्याला रेघ पूर्ण होती, फक्त शेजारणींपेक्षा किंचित बारीक.